देव नळदुर्गला असताना

अण्णा, तुमची लढाई जिथं झाली ते ठिकाण मी बघून आलो. इटलीत, नदीच्या काठावर. परत येऊन दीड महिना झाला आणि तेव्हापासून हे लिहायचं म्हणतोय. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, त्यामुळे उत्तराची अपेक्षा नाही. तुम्ही होतात तेव्हाही काही विचारलं की "बघू" म्हणायचात आणि गोठ्याकडं निघून जायचात. पुढं मी मोजणी खात्यात नोकरीला लागलो. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी काढल्या. कुणी कितीही शपथा घेतल्या तरी आधी दगड दाखवा म्हणायची सवय लागली. तुमच्या बाबतीत मात्र मला दगड कधी सापडला नव्हता.

सुरुवात एका फोननं झाली. तुमच्या पलटणीतून निवृत्त झालेला सुभेदार बोलतोय म्हणाला. तिकडच्या एका गावात दरवर्षी लढाईत मेलेल्यांची स्मृतिसभा होते, यंदा त्यांना इथल्या शिपायांच्या घरची माणसं बोलवायची आहेत, राहण्याजेवणाचं ते बघतील. मी विचारलं, माझ्या वडलांचं गाव कोणतं? तो माकणी म्हणाला. आजोबांचं नाव विचारलं, तेही बरोबर सांगितलं. मग तर माझा संशय पक्का झाला. एवढी माहिती असलेला माणूस जमिनीच्या मागं असणार, नाहीतर बँकेच्या. त्यानं पासपोर्टची प्रत मागितल्यावर मी फोन ठेवून दिला आणि तीन दिवस तो नंबर उचलला नाही. शेवटी तुमच्या नातीनं पुण्यातून सगळी चौकशी केली. बाबा, खरंच आहे हे, म्हणाली. तुम्ही सगळ्यांना चोर समजता. मी म्हणालो, माझी नोकरीच तशी होती. ती म्हणाली, नोकरी सुटून अकरा वर्षं झाली.

मी हो म्हणालो ते भक्तिभावानं नाही. मला तुमचं एक वाक्य तपासायचं होतं. "मी माझ्या हातानं त्याला अग्नी दिला." तुमच्या अणदूरच्या दोस्ताबद्दल तुम्ही एवढंच सांगायचात. दोघं निजामाची हद्द ओलांडून सोलापूरला भरती झालात, एका पलटणीत पडलात, तो तिकडं मेला आणि तुम्ही आलात. येताना त्याच्या अस्थी पत्र्याच्या डब्यातून आणल्या आणि त्याच्या बायकोच्या हातात दिल्या. बाकी लढाईचं तुमच्याकडून काही ऐकलं नाही. एक पदक होतं, ते आईनं पोळ्याला खोंडाच्या गळ्यात बांधलं आणि ते नदीवर कुठंतरी पडलं. तुम्ही शोधायलाही गेला नाहीत. त्याचाही मला संशय आला होता. ज्याला पदक नको, त्यानं ते कशाबद्दल मिळवलं असेल?

आणि पौषातली तुमची अणदूरची फेरी. दरवर्षी, न चुकता. खंडोबाला जाऊन येतो म्हणायचात. आता अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच, हे आपल्या भागात शेंबड्या पोराला माहीत. वर्षातले दहा महिने देव अणदूरला आणि पौषाच्या सुमारास नळदुर्गला. दोन्ही गावांचा तसा करार आहे. म्हणजे तुम्ही जायचात तेव्हा देव तिथं नसायचाच. आई हे पहिल्या वर्षापासून ओळखून होती. तव्यावर धपाटं उलटताना ती आमच्याकडं बघून म्हणायची, देव नळदुर्गात आणि ह्यांचं दर्शन अणदुरात. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करून धोतराचा सोगा खोचायचात. ती शिदोरी मात्र बांधून द्यायची. परत येताना तुम्ही तीळगुळाची पुडी आणायचात, आई ती उघडायचीसुद्धा नाही. कोंबड्यांपुढं टाकायची आणि आम्ही बघतोय ना, हे बघायची.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी तिनं मला तुमच्या मागं धाडलं. तुम्ही सकाळच्या गाडीनं गेलात, मी मागच्या गाडीनं. अणदूरला उतरून वेशीजवळ विचारत विचारत गेलो आणि एका घराच्या पडक्या भिंतीआड उभा राहिलो. अंगणात तुम्ही मांडी घालून बसला आहात. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई पान वाढतेय. ती तुमच्याकडं बघत नाही आणि तुम्ही तिच्याकडं बघत नाही. माझ्याहून मोठा एक तरुण केळीचं पान घेऊन घराच्या धाब्याच्या छतावर चढतो, ठेवतो आणि खाली येतो. मग तिघंही वर बघत थांबतात. खूप वेळ. कावळा आला, पानाला शिवला, तेव्हा तुम्ही पहिला घास घेतला. मी तसाच मागं फिरलो. घरी आईनं विचारलं, काय बघितलंस? मी सांगितलं, एक बाई वाढत होती आणि अण्णा जेवत होते. कावळ्याच्या पानाचं मी सांगितलं नाही. का नाही, ते आजही नीट सांगता येत नाही. तुमचा राग होता एवढं आठवतं, कशाचा ते नाही. आई त्यानंतर तुमच्याशी कितीतरी महिने बोलली नाही, आणि मरेपर्यंत तिनं ती बाई मनातून काढली नाही.

तर निघायच्या आधी मी अणदूरला गेलो. तो धाब्यावर चढलेला तरुण आता ब्याऐंशीचा आहे. गावात त्यांना तात्या म्हणतात. वडील भरती झाले तेव्हा ते आईच्या पोटात होते. म्हणजे त्यांनी बाप बघितलेलाच नाही, तरी ते त्याला दादा म्हणतात. त्यांनी मला ओळखलं, चहा पाजला आणि मी कुठं निघालोय हे ऐकून घेतलं. मग भिंतीतल्या कोनाड्याकडं बोट केलं. तिथं एक गोल डबा होता, सिगारेटचा, झाकणाच्या कडेनं मेण लावलेला. तुमच्या अण्णांनी आणलेला, म्हणाले. मी विचारलं, अजून विसर्जन केलं नाही? ते म्हणाले, राहिलं. मला वाटलं, ह्या लोकांना काहीच माहीत नाही, ऐंशी वर्षं कुणाच्या तरी शब्दावर डबा सांभाळून बसले आहेत. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "मोजणीदार, दादांचं नाव तिथं दगडावर आसंल, तर त्याला हात लावून ये. मला आता व्हायचं न्हाय तितकं लांब." मी हो म्हणालो. मनात मात्र माझं वेगळं चाललं होतं. नाव कुठल्या दगडावर आहे, अग्नी दिलेल्यांच्या की दुसऱ्या, त्यावरून तुमचं खरंखोटं निघणार होतं, आणि तुम्ही खोटे निघालात तर ह्या म्हाताऱ्याला काय सांगायचं, ह्याची तयारी मी केली नव्हती.

तिकडचं सगळंच मला संशयाचं वाटत होतं. विमानतळावर न्यायला आलेला मुलगा एवढा का हसतो? हॉटेलात पैसे घेत नाहीत ते का? सभेच्या दिवशी आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. सोबत आलेल्या तुमच्या नातीनं मला फेटा बांधायला लावला होता, त्यामुळे जो तो फोटो काढत होता. हे फोटो कुठं जाणार हे कुणी सांगत नव्हतं. खांद्यावरून रंगीत पट्टा घेतलेले तिथले नगराध्यक्ष बोलले, एक पाद्री बोलला, आपल्या वकिलातीतले एक साहेब बोलले. बिगूल वाजला. शाळेतली मुलं, आपल्याकडच्यासारखीच, फुलं घेऊन ओळीनं आली. मी विचार करत होतो की परक्या मुलखातल्या मेलेल्यांसाठी ही माणसं एवढं करतात, म्हणजे ह्यांना काहीतरी हवं असणार. एक म्हातारी काठी टेकत आली, माझा हात धरला आणि "चपाती, चपाती" म्हणाली. आमच्यासोबतच्या दुभाष्या मुलीनं सांगितलं, ती लहान असताना आपल्या शिपायांनी तिला चपाती दिली होती. मला वाटलं, दरवर्षी पाहुण्यांना म्हणायला शब्द पाठ करून ठेवला असेल. पण तिनं हात सोडला नाही. तिला माझ्याकडून काहीच नको होतं, तरी सोडला नाही, आणि मला तो सोडवून घ्यायची लाज वाटली.

सभा शिपायांच्या दफनभूमीतच होती; ती संपल्यावर मी तिथल्या नोंदवहीवाल्या माणसाकडं गेलो. तिथं मुसलमान शिपायांना पुरलं आहे, त्यांचे दगड ओळीनं उभे आहेत. हिंदू आणि शीख शिपायांचं दहन झालं, त्यांची नावं एका वेगळ्या स्मारकावर कोरली आहेत. मी ते स्मारक ओळीओळीनं वाचून काढलं. सातबारा वाचतो तसं, बोट ठेवून. दोनदा. तुमच्या दोस्ताचं नाव नव्हतं. नोंदवहीवाल्यानं यंत्रावर शोधलं आणि दुभाष्या मुलीकडून सांगितलं, हा माणूस ह्या यादीत नाही. ज्यांचा देह सापडला नाही त्यांच्या यादीत आहे. त्यांची भिंत दुसऱ्या गावी, दक्षिणेला, आगगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. तारीख त्यानं दाखवली, ती पौषातली. तेवढं तुमचं खरं होतं. देहच सापडला नाही, तर अग्नी कुणाला दिलात, अण्णा? मी त्या यंत्रापुढं उभा होतो आणि मला बरं वाटत होतं, हे लिहायला पाहिजे. आईची शंका खरी निघाल्यासारखं वाटलं. माणूस पकडला गेल्यावर मोजणीदाराला वाटतं तसं.

दुपारी आम्हाला नदीवर नेलं. आपल्या तेरणेहून फार मोठी नाही. पण दोन्ही काठांनी पुरासाठी मातीचे बांध घातलेत, दोन पुरुष उंच. जमिनीचा मालक म्हातारा आहे, तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. तो सांगत होता आणि दुभाषी मुलगी मला मराठीतून नाही, पण हिंदीतून सांगत होती. तो सबंध हिवाळा तुमचे लोक बांधाच्या ह्या उतारावर होते आणि जर्मन त्याच बांधाच्या त्या उतारावर. मधे फक्त बांध. बांधावर डोकं दिसलं की संपलं. कुणाला पलीकडं काही बघायला धाडलं आणि तो तिकडच्या उतारावर पडला, तर त्याला आणता येत नसे. चिखल आणि तोफा. उन्हाळ्यापर्यंत काही उरत नसे. मी सवयीनं अंतर धरलं. माथ्यापासून दोन्हीकडं दहा-बारा हात. म्हणजे तुमच्यात आणि तुमच्या दोस्तात वीस-पंचवीस हातांचं अंतर होतं. किती दिवस होतं ते म्हाताऱ्याला माहीत नव्हतं.

तेव्हा मला नदीकाठचं आपलं रान आठवलं. ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मी नऊ-दहा वर्षांचा आहे. पाणी किती आलंय बघायला बांधावर चढून उभा आहे. तुम्ही मागून आलात, पाय धरून मला खाली ओढलंत आणि तोंडात मारलीत. तुम्ही आम्हाला कधी मारत नव्हता. "बांधावर उभारायचं न्हाय," म्हणालात. मी तेव्हापासून धरून चाललो होतो की तुम्हाला शेजाऱ्याच्या भांडणाची भीती होती. पुढं नोकरीत मी हजारदा बांधावर उभा राहिलो आणि दर वेळी तुमची आठवण काढून मनात हसलो. त्या दिवशी मुलीनं मला वर येऊन पलीकडं बघायला बोलावलं. मी चढलो, पण माथ्याजवळ आल्यावर वाकलो. ती म्हणाली, काका, गुडघे दुखतात का? मी हो म्हणालो.

परत आल्यावर आठ दिवस मी अणदूरला गेलो नाही. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. खरं सांगितलं तर तुम्ही खोटे पडता आणि कोनाड्यातला डबा म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढं कचरा होतो. शेवटी गेलो आणि मी, ज्यानं कधी खोटा नकाशा काढला नाही, त्यानं सांगितलं की तात्या, अग्नी दिलेल्यांच्या स्मारकावर नाव आहे, अण्णांनी सांगितलं होतं तसंच.

तात्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. म्हणाले, "तू पण अण्णावानीच हाईस."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही डबा देऊन गेलात त्याच दिवशी त्यांच्या आईनं तो उघडून बघितला होता. आत राख होती, पण हाड एकही नव्हतं. "तिचा सारा जलम चुलीम्होरं गेला. शेणीची राख तिला कळत नव्हती व्हय? आपल्याकडचीच राख ती. गाडीतून उतरल्यावर कुठल्यातरी आगटीतली भरली आसंल." तरी तिनं झाकण लावलं, मेण लावलं आणि कोनाड्यात ठेवलं. खोटी राख नदीत सोडता येत नाही, आणि आणणाऱ्याकडं बघून टाकूनही देता येत नाही, म्हणाली. नवरा गेला हे तिनं तुमच्या तोंडावरून ओळखलं, राखेवरून नाही. पुढच्या पौषात तुम्ही त्या तिथीला दारात येऊन उभे राहिलात, तेव्हा तिनं एक पान जास्त वाढलं. त्यानंतर तुम्ही चाळीस वर्षं गेलात. ती तुम्हाला कधी बोलली नाही आणि तुम्ही तिला कधी सांगितलं नाही.

मग तात्या म्हणाले, "तू एकदा आलतास. भिताडाआड उभा व्हतास. मायनं बघितलं. ती म्हणली, पोराला आत बोलवा, जेवू द्या. तर अण्णा म्हणले, नगं. त्याच्या आईनं धाडलंय. त्याला सारं नीट बघू द्या, म्हंजे तिला जाऊन सांगंल."

अण्णा, मी सारं नीट बघितलं होतं. कावळा येईपर्यंत उभा होतो. तुम्ही पाठमोरे बसून माझ्या भरवशावर जेवलात, आणि मी घरी येऊन अर्धंच सांगितलं. तुम्हाला ते त्याच संध्याकाळी कळलं असणार, आईच्या तोंडावरून. तरी तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मला पेन आणून दिलंत, परीक्षेसाठी.

तात्या म्हणाले, आता खरं सांग, नाव कुठं हाय. मी सांगितलं. देह सापडला नाही त्यांची भिंत आहे, दुसऱ्या गावी. बांधाचंही सांगितलं, वीस-पंचवीस हातांचंही. ते ऐकत होते. त्यांना रडू आलं नाही. उलट काहीतरी जागेवर बसल्यासारखं दिसलं. मग त्यांनी विचारलं, "हात लावलास?"

मी म्हणालो, लावला.

त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, आधी कपाळाला लावला, मग डोळ्यांना. तळव्यावरून अंगठा फिरवला. सुनेला बोलावून म्हणाले, ह्यो हात लागलाय दादाच्या नावाला, हिकडं ये, तू पण लाव. तिनंही लावला. राखेत शेण ओळखणाऱ्या बाईचा मुलगा, पण ह्या वेळी त्यांनी ओळखलं नाही, किंवा ओळखलं असेल. मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

इटलीत आमच्याकडं शेवटचा एक दिवस मोकळा होता. तुमच्या नातीनं त्या भिंतीच्या गावी जाणाऱ्या पहिल्या गाडीची वेळ काढून ठेवली होती, पहाटे निघून उशिरा परत येता आलं असतं. मी तिला गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि हॉटेलात खिडकीपाशी बसून इथून नेलेली धपाटी खाल्ली. गुडघे दुखत नव्हते. तुमचं खोटं मला सापडलं होतं, त्यापुढं मला काही बघायचं नव्हतं. तुमच्या दोस्ताचं नाव त्या भिंतीवर कोणत्या ओळीत आहे, मला माहीत नाही. हा हात तिथं लागलेला नाही.

हे तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिलं. कागद मोजणीच्या जुन्या वहीत ठेवतो, ती घरात कुणी उघडत नाही. पोरीला म्हटलंय, पुढच्या वर्षी पुन्हा जाता येतं का ते बघ. एवढ्या लवकर कशाला म्हणाली. तात्या तोवर राहतील की नाही, सांगता येत नाही. पौषातल्या तिथीला त्यांनी मला जेवायला बोलावलंय आणि मी येतो म्हणालोय. काल तुमच्या सुनेला सांगितलं, खंडोबाला अणदूरला जाऊन येईन. ती म्हणाली, तेव्हा देव तर नळदुर्गला असतो ना?

मी बघू म्हणालो.